हवा काढली म्हणजे अन्न टिकलं असं नाही

घरगुती व्हॅक्यूम सीलर विकणाऱ्यांनी एक घातक अर्धसत्य घराघरांत पोचवलं आहे. खोक्यावर ‘पाचपट टिकेल’ असं ठळक छापायचं. कोणता पदार्थ आणि किती तापमानाला, हे मात्र गाळायचं. मला याची चीड येते, कारण त्या भरवशावर आया परदेशी निघालेल्या मुलांच्या बॅगांत उसळ, झुणका आणि ओला ठेचा भरताहेत. विमानतळ, प्रवास, तिकडची खोली, या सगळ्यात ती पाकिटं दोन-दोन दिवस उबेत पडून असतात.

हवा काढल्यानं बुरशी थांबते, किडे मरतात, तेल लवकर खवट होत नाही. या सगळ्यांना प्राणवायू लागतो. म्हणून मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, शेंगदाणे यांच्यासाठी हे यंत्र उत्तम आहे, आणि ते मी मनापासून वापरते. पण क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जीवाणू प्राणवायू नसेल तिथेच वाढतो. त्याचे बीजाणू मातीत असतात, लसूण-कांद्याबरोबर स्वयंपाकघरात येतात आणि साध्या उकळीनं मरत नाहीत. पदार्थ ओलसर, आंबटपणा कमी, आजूबाजूला ऊब आणि वर हवाबंद पिशवी. त्याला हवं ते सगळं आपण हातानं जुळवून देतो.

‘दुकानातली तयार भाजी वर्षभर टिकते ना?’ असं मला ऐकवलं जातं. टिकते, कारण ती पिशवी आधी सील करून मग कारखान्यात दाबाखाली १२१ अंशांच्या आसपास तापवलेली असते. घरी आपण कढईत शिजवतो, गार करतो आणि मग हवा काढतो. बाहेरून दोन्ही पाकिटं सारखीच दिसतात, आणि हीच गफलत विक्रेत्यांच्या पथ्यावर पडते.

१९८५ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये एका रेस्टॉरंटमधल्या तेलातल्या चिरलेल्या लसणानं ३६ जणांना बोट्युलिझम झाला. ती बाटली फ्रीजबाहेर ठेवली जात होती. एकाची दोन दिसणं, पापण्या गळणं, जीभ जड होणं, शेवटी श्वास अडकणं, अशी या विषबाधेची लक्षणं. तरी त्यातल्या कित्येकांचं निदान आधी भलतंच झालं. तेलातला लसूण म्हणजे आपला ठेचाच की! ‘खराब झालं तर वास येईलच’ हे आपलं पिढीजात शहाणपण इथे उपयोगी पडत नाही. विष असूनही पदार्थाला वास नसू शकतो, पाकीटही फुगेलच असं नाही.

ओला पदार्थ सील केला की त्याची जागा फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांना. खालच्या कप्प्यात ठेवायचा तर सील न केलेल्या अन्नाइतकेच दिवस, कारण लिस्टेरिया ४ अंशांनाही वाढतो. गोठवलेली सुरमई फ्रीजमध्ये वितळवताना पिशवी आधी कापायची, म्हणजे आत हवा जाते. कच्चा लसूण आणि ताजी अळंबी या यंत्रात घालूच नयेत.

देखभालीचीही तीच तऱ्हा. सील सुटलं की दोष यंत्राला. खरं तर पिशवीच्या तोंडाशी तेलाचा थेंब नाही तर मसाल्याची पूड अडकलेली असते. भरताना तोंड बाहेरच्या बाजूला दुमडा, नंतर पुसून सरळ करा आणि दोनदा सील मारा. रस्सा आधी डब्यात गोठवा, नाहीतर पंप तो ओढून घेतो. खाचेत साचलेलं पाणी त्याच दिवशी पुसा. झाकण अडकवून यंत्र ठेवून दिलं की फोमचं गॅस्केट चेपतं आणि हवा निघेनाशी होते. साध्या गुळगुळीत पिशव्या या यंत्रांना चालत नाहीत, खवल्यांच्या लागतात. एवढी माहिती पुस्तिकेत मोठ्या अक्षरांत छापायला काय हरकत होती?

आता तर फराळाची दुकानंही ‘व्हॅक्यूम मारून देतो, बाहेर आठ दिवस राहील’ असं बिनदिक्कत सांगतात. चकली, शंकरपाळे असतील तर जरूर घ्या. ओला पदार्थ असेल तर तो कधी शिजवला, सील केल्यावर तापवला का आणि पाकिटावर तारीख का नाही, हे काउंटरवरच विचारा. उत्तर मिळालं नाही तर पाकीट तिथेच परत करा.