सातमाशी बाळाचे तीस दिवस

दसरा-दिवाळी झाली की पाथर्डी-शेवगावकडची बिऱ्हाडं ऊसतोडीला कारखान्यांच्या वाटेला लागतात. त्यांत तान्ह्या लेकराची आई असते, पोटुशी बाईही असते. कुणाचं मूल दिवस भरायच्या आतच जन्मतं. वजन जेमतेम दीड किलो. दवाखान्यात पेटीत ठेवतात, पोर वाचतं, घरचे देवाला नारळ फोडतात. पण बाळाचे डोळे तपासले का, हे विचारायचं राहून जातं.

डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या रक्तवाहिन्या नववा महिना भरेपर्यंत वाढत असतात. मूल आधीच आलं तर ही वाढ अर्धवट राहते. पुढे त्या वेड्यावाकड्या फुटतात आणि पडदा ओढतात. पडदा सुटला की गेलेली नजर बहुधा परत येत नाही. बाहेरून मात्र डोळा चांगला दिसतो, त्यामुळे आईबापाला पत्ता लागत नाही.

धोका कुणाला जास्त? जितके दिवस कमी आणि वजन कमी, तितका धोका मोठा. त्यात जंतुसंसर्ग, श्वास अडखळणं, रक्त चढवावं लागणं, वजन न वाढणं यांची भर पडते. बेसुमार ऑक्सिजनानेही हा आजार होतो, याकडे मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी १९५१ सालीच लक्ष वेधलं होतं. म्हणून ऑक्सिजन नाकारू नका. त्यावाचून बाळ दगावेल. खताची मात्रा मोजून देतो, तसा तोही मोजून द्यावा लागतो, एवढंच.

नियम सोपा आहे. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ तीस दिवसांच्या आत नेत्रतज्ज्ञाला दाखवायचं. फारच लहान असेल तर विसाव्या-पंचविसाव्या दिवशीच. दोष निघाला तर लेसर किंवा इंजेक्शनाने नजर वाचू शकते. पण उपचार दोन-तीन दिवसांत व्हावे लागतात. पाणी पाळीवर दिलं तर पीक वाचतं, वाळल्यावर देऊन काय उपयोग? आणि एका तपासणीवर थांबू नका, डॉक्टर बोलावतील तेव्हा पुन्हा जा.

२०१३ साली आपल्याच राज्यातल्या पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा आजार घेतलेला आहे. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. चौदाव्या दिवशीच त्यांनी विचारावं, "डोळे कधी दाखवणार?" पण बिऱ्हाड फडावर असेल तर आशाताईंनी जायचं कुठे? इथे सरपंच आणि ग्रामसेवकांचं काम आहे. टोळी कुठल्या कारखान्यावर गेली, हे मुकादमाकडून लिहून घ्या आणि तिथल्या आरोग्य केंद्राला कळवा. मुकादमानेही त्या दिवसाचा खाडा कापू नये.

उचल दोन हंगामांत फिटेल. लेकराची नजर गेली तर ती कुठल्या हंगामात भरून काढणार?