आधी कान तपासा, मग मेंदू

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण इतक्या सहज फेकतो, की डिमेन्शिया हा आजार आहे हेच आपल्याला पटत नाही. आजी तोच प्रश्न पाचव्यांदा विचारते, आपण हसतो, विषय संपतो. आता या म्हणीशेजारी एक नवी अंधश्रद्धा येऊन बसली आहे. माझ्या फोनवर ती जाहिरातीच्या रूपात येते: आईबाबांना वाढदिवसाला ब्रेन स्कॅनचं पॅकेज द्या, स्मृतिभ्रंश होणार का ते एआय आधीच सांगेल. माझं म्हणणं सरळ आहे. लक्षणं नसलेल्या माणसाचं असं स्कॅन करून घेऊ नका.

स्कॅन निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. वागणं बदललं, ओळखीचा रस्ता चुकायला लागला, तर एमआरआय हवाच. मेंदूत गाठ आहे का, पडल्यामुळे रक्त साकळलंय का, पाणी साठलंय का, हे त्यातून दिसतं. यातल्या काही गोष्टींवर उपचार होतात. पण हे झालं डॉक्टरांनी तपासल्यानंतरचं. जाहिरात विकते ते भविष्य.

आता हिशोब करू, इंजिनिअर आहोत म्हणून. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या ‘लासी-डॅड’ अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या 7.4 टक्के लोकांना, म्हणजे सुमारे 88 लाख जणांना डिमेन्शिया आहे. समजा, एखादं मॉडेल दोन्ही बाजूंनी 90 टक्के अचूक आहे. 1000 ज्येष्ठांमध्ये 74 आजारी. त्यातले 67 सापडतील. उरलेल्या 926 निरोगी माणसांपैकी 93 जणांनाही ते आजारी ठरवेल. म्हणजे रिपोर्ट लाल आलेल्या 160 पैकी निम्म्याहून जास्त लोक ठणठणीत! त्यांनी घाबरून काढलेल्या रात्रींचं बिल कोण भरणार?

दुसरं, मेंदूतली खूण म्हणजे आजार नव्हे. पेट स्कॅनमध्ये अमायलॉइड दिसूनही शेवटपर्यंत शहाणेसुरते राहणारे म्हातारे पुष्कळ असतात. तिसरं, ट्रेनिंग डेटा. या क्षेत्रातला सर्वाधिक वापरला जाणारा संच ‘ॲडनी’ 2004 साली उत्तर अमेरिकेत सुरू झाला; त्यातले बहुतेक लोक गोरे आणि भरपूर शिकलेले. निफाडच्या शाळेची पायरी न चढलेल्या आजीचा मेंदू त्या मापाने मोजायचा, तर आधी ते माप तिला बसतं का हे तपासायला नको?

यावर मित्र म्हणतात, लवकर कळलं तर औषध देता येईल. लेकानेमॅबला 2023 मध्ये आणि डोनानेमॅबला 2024 मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली, हे खरं. पण ही औषधं आजार मागे नेत नाहीत, त्याचा वेग थोडा कमी करतात. मेंदूला सूज येण्याचा, रक्तस्रावाचा धोका असतो म्हणून पुन्हा पुन्हा एमआरआय करावा लागतो. आणि ती आहेत सौम्य लक्षणं सुरू झालेल्यांसाठी, धडधाकट बाबांसाठी नाहीत.

मग काय करायचं? लॅन्सेट आयोगाच्या 2024 च्या अहवालात 14 टाळता येण्याजोगी कारणं आहेत. त्यांवर काम केलं तर जगातला सुमारे 45 टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येईल. त्यात कमी ऐकू येणं, कमी दिसणं, रक्तदाब, मधुमेह, एकटेपणा आहे. सिन्नरकडच्या गावात माझ्या आजीला ‘चळली’ म्हणत होते. श्रवणयंत्र लावल्यावर ती पुन्हा भांडायला लागली. सगळ्यांचं असं होईल असं नाही, पण आधी कान तपासायला काय हरकत आहे?

‘लासी-डॅड’मध्येच दिसतं, की डिमेन्शियाचं प्रमाण शहरापेक्षा खेड्यात आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त आहे. मोठी स्कॅन सेंटरं मात्र शहरात. महाराष्ट्राचं आरोग्य विद्यापीठ आपल्या नाशकात आहे. 1990 च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगढच्या निरक्षर म्हाताऱ्यांसाठी स्मृतीची चाचणी बदलून घेतली गेली होती. तशी ग्रामीण मराठीतली, प्रमाणित चाचणी आशाताईंच्या हातात द्या, अशी मागणी आपण इथूनच करायला हवी.

तोवर पॅकेजचे पैसे खिशात ठेवा. येत्या रविवारी आईबाबांचं बीपी, साखर, चष्मा आणि कान तपासून घ्या.