पहिल्या नंबराचे व्यसन आणि गटिंगेनची वाट

दहावीचा निकाल लागला की एक मथळा ठरलेला असतो : कोकण विभाग राज्यात अव्वल. रत्नागिरीचे विभागीय मंडळ २०१२ पासून निकाल लावू लागले आणि तेव्हापासून हा मान कोकणाने सोडलेला नाही. आनंद मानावा असेच हे आहे. पण या आनंदाच्या पोटात आपली एक जुनी खोड दडलेली आहे आणि तिचा इतिहास याच जिल्ह्यातून जातो. आजचा धागा त्या खोडीविरुद्ध आहे.

दापोली तालुक्यातल्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिले आले. 'सीनियर रँग्लर' होणारे ते पहिले भारतीय. हा प्रसंग मराठी घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला. सांगता सांगता त्यातल्या दोन गोष्टी मात्र गळून पडल्या. एक, तो पहिला क्रमांक त्यांना जॉर्ज बर्टविसल यांच्याबरोबर विभागून मिळाला होता. दुसरी अधिक महत्त्वाची : पहिले आल्यानंतर परांजपे पुन्हा विद्यार्थी होऊन पॅरिसला आणि जर्मनीतील गटिंगेनला गेले.

ज्याने जगातली सर्वांत अवघड समजली जाणारी परीक्षा जिंकली, त्याला पुन्हा बाकावर बसावेसे का वाटले? हा प्रश्न आपण कधी विचारलाच नाही.

उत्तर त्या परीक्षेच्या स्वरूपात आहे. प्रकाश, द्रवगती, ग्रहगती असे निम्मे पदार्थविज्ञान ट्रायपॉसमध्ये सामावलेले असे. पण ते घड्याळाशी झुंजत सोडवायच्या कूटप्रश्नांच्या रूपात. खासगी शिकवण्या हा तिचा कणा होता. एडवर्ड रूथ या एकट्या शिक्षकाने दोन डझनांहून अधिक सीनियर रँग्लर घडवले. आपल्याकडचे कोटा आणि लातूर नंतरचे, मूळ पीठ केंब्रिजचे! आता दुसऱ्या क्रमांकावर कोण राहिले ते पाहा. १८४५ मध्ये पुढचे लॉर्ड केल्व्हिन, १८५४ मध्ये मॅक्सवेल, १८८० मध्ये इलेक्ट्रॉन शोधणारे जे. जे. थॉमसन. मॅक्सवेल यांच्या वर आले ते हेच रूथ. थॉमसन यांच्या वरचे लार्मर पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकांना ठाऊक आहेत. केल्व्हिन यांच्या वर आलेले पार्किन्सन आज कोणाला आठवतात?

केंब्रिजला स्वतःलाच ही चूक उमगली. गुणानुक्रमाची शेवटची यादी १९०९ मध्ये लागली आणि ती प्रथा बंद झाली. आपण मात्र 'रँग्लर' ही पदवी नावाच्या आधी लावायची ती लावलीच. हयातभर, आणि मृत्यूनंतरही.

गटिंगेनमध्ये त्या काळी फेलिक्स क्लाइन आणि डेव्हिड हिल्बर्ट शिकवत होते. तिथला क्रम निराळा. कोणती व्याख्याने ऐकायची हे विद्यार्थी ठरवी. एक विद्यापीठ सोडून दुसऱ्यात जाण्याचीही मुभा असे. वाचनगृहातील ग्रंथ हाताशी उघडे असत. चर्चावर्गात विद्यार्थ्याने उभे राहून विषय मांडायचा आणि इतरांनी तो सोलून काढायचा. शेवटी एक प्रबंध, त्यात काहीतरी नवे, आणि मग तोंडी परीक्षा. पहिला कोण, दुसरा कोण, अशी यादी नाही.

तोंडी परीक्षेत दर्जा मिळत असे, हे खरे. त्याचीही गोष्ट ऐका. १९२३ च्या जुलैत म्युनिकमध्ये एकवीस वर्षांचा एक विद्यार्थी डॉक्टरेटच्या तोंडी परीक्षेला बसला. सूक्ष्मदर्शकाची विभेदनक्षमता त्याला सांगता आली नाही. विद्युतघट कसा चालतो तेही नाही. प्रायोगिक पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक विल्हेल्म वीन त्याला नापास करायला निघाले होते. मार्गदर्शक झोमरफेल्ड आडवे आले म्हणून तो तिसऱ्या दर्जात कसाबसा सुटला. हा विद्यार्थी वेर्नर हायझेनबर्ग. दोन वर्षांनी, गटिंगेनमध्ये असताना, त्याने क्वांटम यांत्रिकीचा पाया घातला. आपल्या गावी त्याचे नाव निकालाच्या पुरवणीत आले असते का?

जर्मन विद्यापीठे पवित्र होती असा याचा अर्थ कोणी काढू नये. १९३३ मध्ये याच गटिंगेनने माक्स बोर्न, एमी न्योटर यांच्यासारख्यांना ज्यू म्हणून बाहेर काढले.

आता एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. १८९९ मध्ये पहिला नंबर ही राजकीय गोष्ट होती. 'नेटिवां'ची बुद्धी कमअस्सल, असे राज्यकर्ते म्हणत असता त्यांच्याच आखाड्यात त्यांना चीत करणे याला मोल होते आणि ते मी कमी लेखत नाही. खुद्द परांजप्यांकडेही बोट दाखवायचे नाही. ते १९०२ मध्ये परतले, फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. पुढे शिक्षणमंत्री, कुलगुरू. गटिंगेनसारखा चर्चावर्ग त्यांनी पुण्यात का उभारला नाही, असे विचारण्याआधी आपण त्यांच्याकडे काय मागितले, ते विचारावे. आपण त्यांच्या क्रमांकावर समाधानी होतो.

याच जुन्या रत्नागिरी जिल्ह्याने दुसरा एक विद्यार्थी जर्मनीला दिला. मालवण तेव्हा रत्नागिरीत होते. सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ मध्ये. मालवणात १८८४ साली जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर सह्याद्रीच्या नद्यांत हिंडले आणि गोड्या पाण्यातला जेलीफिश त्यांनी शोधून काढला. कलकत्ता विद्यापीठात रासबिहारी घोषांच्या देणगीतून वनस्पतिशास्त्राचे अध्यासन निघाले, त्यावर त्यांची नेमणूक झाली. पदार्थविज्ञानाच्या घोष अध्यासनावर होते देवेंद्रमोहन बोस. दोघेही १९१४ मध्ये बर्लिनला गेले आणि महायुद्ध पेटले. ब्रिटिश प्रजाजन म्हणजे शत्रूचे नागरिक, दोघेही अडकले.

त्या अडकलेल्या वर्षांत बोस रेगेनर यांच्या प्रयोगशाळेत मेघकोष्ठ घेऊन बसले आणि अल्फा कणांच्या धडकेने उडालेल्या प्रोटॉनांच्या वाटांची छायाचित्रे त्यांनी टिपली. आघारकर एंगलर यांच्या हाताखाली वायव्य भारतातील रुक्ष प्रदेशातल्या वनस्पती कशा पसरल्या आणि मुळात आल्या कुठून, याचा शोध घेत राहिले. दोघांनाही बर्लिनची डॉक्टरेट मिळाली. त्यांचा नंबर कितवा आला, हे विचारण्याची सोयच नव्हती. आणि सोय नव्हती म्हणूनच, मला वाटते, आघारकरांची गोष्ट आपल्या घरांत सांगितली गेली नाही.

खोड आजही जिवंत आहे. जर्मनीत पदार्थविज्ञान शिकायला निघालेल्या मुलाला आपण पहिला प्रश्न विचारतो : विद्यापीठाचा नंबर कितवा? तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही आणि पदार्थविज्ञानाला अनेक ठिकाणी गुणांची अटही नसते, हे कळले की चेहरे पडतात. सहज मिळते म्हणजे हलके असणार! खरी चाळणी आत असते : दर आठवड्याला गणितांचा एक कागद, तो सोडवून फळ्यावर समजावायचा, ठरावीक गुण जमले तरच अंतिम परीक्षेला बसायचे. बारावीला शंभरपैकी शंभर मिळवलेली मुले त्या कागदापुढे पहिल्या सत्रातच गांगरतात, कारण उत्तर माहीत नसलेल्या प्रश्नाबरोबर आठवडा काढण्याची सवय आपण त्यांना लावलेलीच नसते. बाराव्या इयत्तेपर्यंत त्यांना तीन मिनिटांत सुटणारेच प्रश्न भेटलेले असतात.

आघारकर पुढे १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे संस्थापक संचालक झाले. १९९२ पासून त्या संस्थेला त्यांचे नाव आहे. फर्ग्युसनपासून ती चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ज्या रस्त्यावर ती उभी आहे त्याचे नाव गोपाळ गणेश आगरकर रस्ता, आणि पाटी वाचून संस्थाही सुधारक आगरकरांचीच समजणारी सुशिक्षित माणसे मला अनेकदा भेटली आहेत.