मनगटावरचा गारवा आणि पुराव्याचा प्रश्न

वयाच्या पंचेचाळिशीच्या आसपास स्त्रीच्या आयुष्यात येणाऱ्या एका अवस्थेविषयी आपल्या घरांत फारसे बोलले जात नाही. कचेरीत किंवा शाळेच्या शिक्षकखोलीत तर मुळीच नाही. पाळी जाण्याच्या या काळात एकाएकी अंगातून गरम वाफा निघतात, चेहरा व मान तापते, घामाने कपडे भिजतात आणि काही मिनिटांतच उलट हुडहुडी भरते. हेच रात्री घडले की झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशीच्या कामावर त्याची सावली पडते. अमेरिकेतील एका दीर्घकालीन अभ्यासाने २०१५ मध्ये दाखवून दिले की, वारंवार असा त्रास होणाऱ्या स्त्रियांमध्ये तो सरासरी सात वर्षांहून अधिक काळ टिकतो. या त्रासापायी बुडणाऱ्या कामाच्या दिवसांची किंमत एकट्या अमेरिकेत वर्षाला १८० कोटी डॉलर होते, असा अंदाज मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०२३ मध्ये मांडला.

ज्याविषयी समाज बोलत नाही, त्याविषयी बाजार मात्र बोलू लागला आहे. पश्चिमेकडील देशांत मनगटी शीतक, थंड राहणाऱ्या गाद्या, गळ्यातले पंखे अशा वस्तू खास रजोनिवृत्तीच्या नावाने विकल्या जातात. या वस्तूंचे स्वागत करावे की त्यांच्याकडे संशयाने पाहावे, हा प्रश्न केवळ स्त्रियांचा किंवा डॉक्टरांचा नाही. ज्या मालाचा गुण ग्राहकाला स्वतः पारखता येत नाही, त्याचे मोल कोणी आणि कसे ठरवावे, हा अर्थशास्त्रातील जुना प्रश्नच येथे नव्या रूपात उभा आहे.

यांपैकी सर्वांत गाजलेल्या उपकरणाचा उगम बोधप्रद आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील काही विद्यार्थ्यांनी २०१३ मध्ये मनगटावर बांधण्याचे एक यंत्र तयार केले आणि संस्थेच्याच एका स्पर्धेत १० हजार डॉलरचे पारितोषिक मिळविले. इमारती थंड वा उबदार ठेवण्यात जाणारी ऊर्जा वाचवावी, सगळी खोली थंड करण्याऐवजी माणसालाच गार वाटू द्यावे, ही त्यामागची कल्पना होती. रजोनिवृत्ती त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हती. पुढे त्याची कंपनी झाली, 'एम्बर वेव्ह' या नावाने यंत्र बाजारात आले आणि अंगातून वाफा येणाऱ्या स्त्रिया त्याच्या प्रमुख ग्राहक ठरल्या. म्हणजे गरज आधीपासून होती. तिच्याकडे लक्ष मात्र योगायोगाने गेले.

यंत्राचे तत्त्व जुनेच आहे. दोन भिन्न पदार्थांच्या सांध्यातून वीज वाहू लागली की एक बाजू थंड आणि दुसरी गरम होते, हे फ्रान्सच्या पेल्तिए याने १८३४ मध्ये दाखविले होते. थंड बाजू मनगटाला टेकते, गरम बाजू हवेत उष्णता सोडते. परंतु असल्या चिमुकल्या पट्टीने शरीराचे आतील तापमान उतरत नाही. त्वचेला गार लागते आणि मनाला हुशारी येते, एवढेच. त्रासाचे मूळ मेंदूत आहे. शरीराचे तापमान किंचित वाढले तरी मेंदू एरवी त्याची दखल घेत नाही. ही सोसण्याची मर्यादा या काळात अत्यंत अरुंद होते, असे अमेरिकन संशोधक रॉबर्ट फ्रीडमन यांनी दाखविले. त्यामुळे क्षुल्लक वाढ होताच शरीर घाम काढून उष्णता बाहेर फेकू लागते. मनगटावरचा गारवा या बिघाडाला हात लावत नाही.

मग ग्राहक स्त्रिया गुण येतो असे सांगतात, ते खोटे काय? तसे मुळीच नव्हे. पण येथे एक पेच आहे. वाफेचा झटका काही मिनिटांत आपोआप ओसरतो. त्यामुळे त्या वेळी जे काही केले, त्याने बरे वाटले असे वाटणे स्वाभाविक आहे. या त्रासावरील औषधांच्या चाचण्यांचा २००४ मध्ये जो एकत्रित आढावा घेण्यात आला, त्यात निव्वळ खोटी गोळी घेणाऱ्या स्त्रियांचेही झटके निम्म्याहून अधिक कमी झाल्याचे आढळले. म्हणूनच उत्तर अमेरिकेतील मेनोपॉज सोसायटीने २०२३ मध्ये संप्रेरकविरहित उपायांचा परामर्श घेतला, तेव्हा शीतकरणाच्या युक्त्यांची शिफारस करण्याइतका पुरावा तिला दिसला नाही.

हा पुरावा निर्माण का होत नाही, याचे उत्तर प्रयोगशाळेत नसून हिशेबाच्या वहीत आहे. केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ मध्येच सांगून ठेवले होते की, वैद्यकीय सेवेच्या बाजारात विकणारा जाणता आणि घेणारा अजाण असतो, म्हणून तेथे निव्वळ स्पर्धेने न्याय होत नाही. फेझोलिनेटंट या औषधाला मे २०२३ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली, ती मोठ्या चाचण्यांनंतरच; आणि विक्रीनंतरही देखरेख चालू राहिल्यामुळे यकृताच्या धोक्याचा ठळक इशारा डिसेंबर २०२४ मध्ये त्यावर छापावा लागला. उलटपक्षी, केवळ सर्वसाधारण स्वास्थ्याची भाषा करणाऱ्या, कमी धोक्याच्या वस्तूला तेथील यंत्रणा वैद्यकीय उपकरणाचे नियम लावत नाही. उत्पादकाने 'आजार' हा शब्द टाळला की चाचणीचा खर्च टळतो. खर्च टाळूनही माल खपत असेल, तर चाचणी करणार कोण?

तरीही या वस्तूंना केवळ चैनीचे खेळणे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांची मागणी वैद्यकाच्या अपयशातून आली आहे. जुलै २००२ मध्ये संप्रेरकांविषयीची एक मोठी अमेरिकन चाचणी मध्येच थांबविण्यात आली आणि सर्वत्र घबराट पसरली. चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, साठीच्या आतील निरोगी स्त्रियांसाठी हिशेब बराच वेगळा आहे, हे उमगेपर्यंत एक पिढी उपचाराविना राहिली. तेथील औषध प्रशासनाने त्या औषधांवरील कडक इशारे काढण्याचा निर्णय जाहीर केला, तो नोव्हेंबर २०२५ मध्ये. शिवाय स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या स्त्रियांना संप्रेरके सहसा वर्ज्यच असतात. त्यांना निरुपद्रवी साधन हवे असेल, तर त्यात गैर काही नाही.

आपल्याकडे या प्रश्नाचे रूप अधिक बिकट आहे. भारतीय स्त्रीची पाळी साधारणतः ४६-४७ व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य स्त्रीपेक्षा चारपाच वर्षे आधी. म्हणजे ऐन नोकरीच्या वर्षांत. परदेशी मनगटी यंत्राची सुमारे ३०० डॉलर ही किंमत आजच्या दराने पंचवीस हजार रुपयांच्या वर जाते. ते यंत्र गार कचेऱ्यांच्या देशात घडले. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला असता त्याच्या गरम बाजूने उष्णता सोडायची कोठे? कोकणच्या दमट हवेत तर घामच वाळत नाही. कायद्याचीही तीच गत. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे सर्व वैद्यकीय उपकरणे औषधांच्या कायद्याखाली आली खरी. परंतु वस्तू उपकरण आहे की नाही, हे मुख्यतः उत्पादकाने सांगितलेल्या हेतूवरून ठरते. पळवाट इथेही तीच आहे.

यातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. रजोनिवृत्तीचे नाव घेऊन जी वस्तू विकली जाईल, तिला नावापुरत्या, न थंडावणाऱ्या यंत्राशी तुलना करून पुरावा द्यावा लागला पाहिजे. ही चाचणी उत्पादकांच्या मर्जीवर न सोडता सरकारी संशोधनसंस्थांनी आपल्या हवामानात करावी. आणि तोवर ज्या उपायांना ना मोठा खर्च आहे ना धोका, त्यांसाठी शास्त्राची वाट पाहण्याचे कारण नाही. वर्गातील चालू पंखा, पिण्याचे थंड पाणी, गणवेशाच्या सक्तीत सुती कपड्याची मुभा, पाच मिनिटे बाहेर जाऊन येण्याची सवलत आणि गावच्या आरोग्यकेंद्रात या विषयावर नीट बोलणारा डॉक्टर, यांना पंचवीस हजार लागत नाहीत.

यांपैकी कोणतीही गोष्ट दुकानात मिळत नाही. त्यासाठी मुख्याध्यापकाला, साहेबाला, घरातल्या माणसांना हा विषय ऐकून घ्यावा लागतो. ते जमत नाही तोवर बाजार त्या मौनाची किंमत वसूल करीत राहील आणि ती देणाऱ्या बाईला आपण नेमके काय विकत घेतले, हे कधीच कळणार नाही.