बागेला कुंपण हवं, तसं फाटकही हवं

कनेरगाव नाका हे हिंगोली-वाशिम रस्त्यावरचं, मराठवाडा आणि विदर्भाच्या सीमेवरचं गाव. या पट्ट्यात सोयाबीन, तूर, हरभरा निघाला की मोकळ्या रानात शेळ्या दिसतात. त्यांच्यामागे चालणाऱ्यांत बहुतेकदा भूमिहीन घरातली माणसं असतात. त्यात आपलीही घरं आहेत. मुलीची फी, आईचं औषध अशी अडचण आली की एक बोकड विकला जातो. बकरी ईदच्या बाजारावर वर्षाचा हिशोब बसतो.

याच भागात आता दुसरं चित्र दिसू लागलंय. शहरात नोकरी करणारे आमच्यासारखे इंजिनिअर गावाकडे दोन-चार एकर घेतात, पर्माकल्चरचे व्हिडिओ पाहून आंबा, सीताफळ लावतात आणि सगळ्यात आधी तारेचं कुंपण ठोकतात. कुंपण लागतंच. शेळी मागच्या पायांवर उभी राहून शेंडा खाते, साल सोलते. आंब्याचं कोवळं रोप एका दुपारी संपवते. पण त्याच तारेमुळे कुणाचं तरी चराईचं रान बंद होतं. मग भांडण, कोंडवाडा, दंड. 1871 च्या गुरे अतिक्रमण कायद्यात शेळ्या-करडंही येतात.

हे भांडण फार जुनं आहे. कुरआनमध्ये सूरह अल-अंबियाच्या 78-79 व्या आयतींत असाच खटला आहे: रात्री कुणाच्या तरी शेळ्या-मेंढ्या दुसऱ्याच्या शेतात शिरल्या. काही मुफस्सिरांच्या मते ती द्राक्षांची बाग होती. ते सांगतात की हजरत दाऊद (अलै.) यांनी भरपाई म्हणून कळप बागवाल्याला देऊन टाकला. हजरत सुलैमान (अलै.) यांनी वेगळा तोडगा काढला: कळपवाल्यानं बाग पूर्ववत करून द्यावी, तोवर कळपाचं दूध-लोकर बागवाल्यानं घ्यावं, मग ज्याचं त्याला परत. नुकसान भरून निघालं आणि कुणाची रोजीही बुडाली नाही.

आपल्या मातीतही अशी समज आहे. धनगरांची मेंढरं शेतात बसवायची आणि खताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे द्यायचे, ही महाराष्ट्रातली जुनी रीत. पर्माकल्चर हा शब्द ऑस्ट्रेलियातून 1970 च्या दशकात आला. झाड, जनावर आणि माणूस यांनी एकमेकांची गरज भागवावी, हे त्याचं सूत्र आपल्या आजोबांना नवं वाटलं नसतं.

म्हणून नवी बाग लावणाऱ्यांनी शेजारच्या शेळीवाल्याशी साधा लेखी करार करावा. झाडं लहान असेपर्यंत शेळ्या बाहेर. आतलं गवत कापून त्यांना द्यायचं. बांधावर शेवरी, हादगा, सुबाभूळ लावायची, पाला शेळीवाल्याचा. मात्र नुसत्या सुबाभळीवर शेळी ठेवायची नाही. सीताफळाच्या पाल्याला शेळी सहसा तोंड लावत नाही. तिथं खोडं जून झाल्यावर राखणीखाली गवत चारता येईल. फवारणी झाली की चराई बंद. बदल्यात लेंडीखत बागेला. झाडांखाली गावरान कोंबड्या सोडल्या तर त्या किडे वेचतील. अंडी कुणाची, तेही आधीच ठरवावं. नुकसान झालं तर भरपाई कशी, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवावं.

बागवाल्यानं स्वतःच्या शेळ्या घेऊन पगारी गडी ठेवणं सोपं आहे, असं काही जण म्हणतील. पण उस्मानाबादी शेळी ओळखणारी, करडं जगवणारी, आजार नजरेनं हेरणारी माणसं गावात आधीच आहेत. त्यांना गडी करण्यापेक्षा भागीदार करणं इन्साफाला जास्त धरून आहे.

मुसलमानानं लावलेल्या झाडाचं माणसानं, पाखरानं किंवा जनावरानं जे खाल्लं, तो त्याच्यासाठी सदका ठरतो, असं हदीस सांगते. आपण व्यासपीठांवरून हक्कांविषयी बोलतो, ते बोलायलाच हवं. पण ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याचा हक्क आपल्या बांधावरही येऊन उभा असतो. यंदा तार ओढण्याआधी त्या रानात आजवर कोण चारत होतं, एवढं तरी विचारा.