कमानीखालची वाट
मुंबईच्या फोर्टात आज किल्ला नाही. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत तट पाडले गेले नि पुढे गॉथिक शहर उभं राहिलं. ओव्हल मैदानाच्या पूर्वेला राजाबाई टॉवर, पश्चिमेला आर्ट डेको इमारती. २०१८मध्ये युनेस्कोने दोहोंना मिळून जागतिक वारसा ठरवलं. मला मात्र या भागाची ऐट दिसते ती दादाभाई नौरोजी रस्त्यावरच्या कमानींखाली. इमारतींच्या वरच्या मजल्यांनी पायी चालणाऱ्यांवर धरलेलं हे छप्पर! धो धो पावसात साहेब तिथूनच जातो आणि डबेवालाही. इमारतीच्या तळाशी गाड्यांचे मजले रचणाऱ्या आजच्या बिल्डरांनी रस्त्याला एवढी तरी सावली द्यावी.