ग्वादालुपेची माता आणि शिवणयंत्र

अमेरिकेंतील मेक्सिकन वस्त्यांत ग्वादालुपेच्या मातेविषयीं कलाप्रदर्शनें भरतात. तेथें कोणत्या चित्रांस जागा द्यावी, हा वादाचा विषय होतो.

परंपरा अशी कीं, १५३१ सालीं तेपेयाक टेकडीवर हुआन दिएगो या गरीब देशी मनुष्यास मातेचें दर्शन झालें व तिची आकृति त्याच्या जाड्याभरड्या अंगवस्त्रावर उमटली. १८१० सालीं इदाल्गो या धर्मगुरूनें स्वातंत्र्यलढ्यांत तीच निशाणावर मिरविली. १९६६ सालीं कॅलिफोर्नियांतील शेतमजुरांनीं तिचें निशाण घेऊन पदयात्रा काढली. १९७८ सालीं तर योलांदा लोपेझ हिनें आपल्या शिवणकाम करणाऱ्या आईस मातेच्या तेजोवलयांत शिवणयंत्रावर बसविलें. ती मातेचाच ताऱ्यांचा शेला शिवीत आहे!

कित्येकांस अशा चित्रांनीं पावित्र्याचा उपमर्द होतो असें वाटतें. त्यांची भक्ति खरी आहे. ती हसण्यावारी नेऊं नये. परंतु गरिबाच्या अंगवस्त्रावर जी उमटली, ती कष्टकरी स्त्रीच्या सहवासानें विटाळेल कशी?

विद्यार्थ्यांनो, चित्रापुढें हात जोडणें सोपें. आईच्या थकलेल्या हातांचा मान राखणें कठीण. जें चित्र हें शिकवितें, त्यास प्रदर्शनांत मानाची जागा असावी, असें आम्हांस वाटतें.